लव्हक्राफ्टनं आपले राक्षस फुकट वाटले, पण कुठली गोष्ट त्याच्या विश्वातली हे ठरवलं कुणी?

'तुंबाड' पाहिलेल्या माणसाला हस्तर कोण, हे सांगावं लागत नाही. देवीचा पहिला मुलगा, सोन्याचा आणि धान्याचा लोभी, ज्याचं नाव घेतलं की राक्षसीण झालेली म्हातारी झोपी जाते.

पण हे नाव कोकणातलं नाही आणि कुठल्या पुराणातलं तर नाहीच. 'तुंबाड'च्या मुळाशी नारायण धारपांची 'आजी' ही कथा आहे. धारपांच्या कथेमागे स्टीफन किंगची 'ग्रामा' आहे. आणि 'ग्रामा'मध्ये भयंकर म्हातारीला शांत करायला ज्याचं नाव घेतलं जातं, तो आहे हास्टर. नाव ओळखीचं वाटतंय ना?

हा हास्टर ज्या विश्वातला मानला जातो त्याला म्हणतात क्थुलू मिथॉस. शेकडो लेखक, हजारो गोष्टी, सिनेमे, गेम्स, सगळ्यांनी मिळून वापरलेलं भयकथांचं एक सामायिक विश्व. मार्व्हलच्या किंवा 'स्त्री', 'भेडिया', 'मुंज्या'च्या विश्वात कुठला सिनेमा बसतो हे कंपनी ठरवते. इथं कंपनीच नाही. त्यामुळे कुठली गोष्ट आतली आणि कुठली बाहेरची, यावर ८० वर्षांहून जास्त काळ वाद सुरू आहे.

आणि ज्याच्या नावानं हा वाद होतो, त्या हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्टनं स्वतः अशी यादी कधी केलीच नाही. का केली नाही, हे समजायला त्याचं आयुष्य बघावं लागतं.

आजोबांची लायब्ररी आणि अरबी नावाचा खेळ

लव्हक्राफ्टचा जन्म २० ऑगस्ट १८९० चा. गाव प्रॉव्हिडन्स, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याची राजधानी. वडील विनफील्ड फिरते विक्रेते होते. १८९३ साली शिकागोच्या एका हॉटेलात त्यांचं मानसिक संतुलन बिघडलं. त्यांना प्रॉव्हिडन्सच्या बटलर हॉस्पिटलमध्ये ठेवलं गेलं आणि १८९८ साली ते तिथंच वारले. पोरगा तेव्हा आठ वर्षांचाही नव्हता.

तो वाढला आजोळी. आजोबा व्हिपल फिलिप्स श्रीमंत व्यावसायिक होते, घरात मोठी लायब्ररी होती आणि नातवाला स्वतः रचलेल्या भुताखेतांच्या गोष्टी सांगायची त्यांना हौस होती. पाच वर्षांच्या लव्हक्राफ्टच्या हाती अरेबियन नाइट्स पडलं आणि त्यानं खेळताना स्वतःसाठी एक अरबी नाव घेतलं, अब्दुल अलहझ्रेद. पुढे तीसेक वर्षांनी हेच नाव त्यानं 'नेक्रोनॉमिकॉन' नावाच्या काल्पनिक ग्रंथाच्या वेड्या लेखकाला देऊन टाकलं. आज जगभरात हा ग्रंथ खरा आहे का म्हणून सर्च करणाऱ्यांना कल्पनाही नसते की त्याचा लेखक एका लहान पोराच्या खेळातून आलाय.

दुसरा नाद होता खगोलशास्त्राचा. शाळेत असतानाच तो स्थानिक वर्तमानपत्रांत आकाशातल्या घडामोडींवर लिहायचा. या नादानं त्याला एक गोष्ट कायमची शिकवली. विश्व अफाट आहे आणि त्यात माणूस म्हणजे किस झाड की पत्ती.

१९०४ साली आजोबा गेले. धंदा आधीच गाळात होता, घर हातातून गेलं. १९०८ साली लव्हक्राफ्ट मानसिकदृष्ट्या असा कोसळला की शाळा अर्धवट सुटली. ब्राऊन युनिव्हर्सिटीत शिकायचं स्वप्न राहिलं ते राहिलंच. पुढची काही वर्षं तो जवळपास घरातच कोंडून होता. १९१४ साली तो हौशी लेखक-पत्रकारांच्या एका संघटनेत शिरला आणि पत्रांमधून माणसांत आला. १९१९ साली आईलाही त्याच बटलर हॉस्पिटलमध्ये दाखल करावं लागलं. १९२१ साली तीही गेली.

न्यूयॉर्क आणि क्थुलू

मार्च १९२४ मध्ये लव्हक्राफ्टनं सोनिया ग्रीनशी लग्न केलं आणि ब्रुकलिनला राहायला गेला. सोनिया त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, युक्रेनमध्ये जन्मलेली ज्यू आणि हॅटच्या व्यवसायात कमावती. पण तिचं आर्थिक गणित बिघडलं, याला नोकरी मिळेना. ती कामासाठी दुसऱ्या शहरात गेली आणि हा एका खोलीत एकटा उरला.

इथं त्याच्या आयुष्यातली सगळ्यात काळी बाजू उघडी पडते. लव्हक्राफ्ट तरुणपणापासून वर्णद्वेषी होता. न्यूयॉर्कच्या गर्दीत, जगभरातून आलेल्या स्थलांतरितांमध्ये तो द्वेष आणखी टोकाला गेला. १९२५ साली लिहिलेली 'द हॉरर ॲट रेड हुक' ही गोष्ट त्या द्वेषानं बरबटलेली आहे. बायको ज्यू असूनही हे सुरूच होतं. तो त्या काळाचाच दोष होता म्हणून ते झटकताही येत नाही, कारण त्या काळाच्या मानानंही त्याची मतं कडवी होती.

एप्रिल १९२६ मध्ये तो प्रॉव्हिडन्सला परतला आणि त्याच उन्हाळ्यात त्यानं 'द कॉल ऑफ क्थुलू' लिहिली. पॅसिफिक महासागराच्या तळाशी बुडालेल्या शहरात एक अवाढव्य जीव निजलाय. तारे ठरावीक जागी आले की तो उठेल. तो दुष्ट आहे म्हणून माणसं मरणार नाहीत. आपल्या पायाखाली मुंगी आली तर आपण कुठं बघतो, तसंच.

'विअर्ड टेल्स' मासिकाचा संपादक फार्न्सवर्थ राइट यानं गोष्ट आधी नाकारली. १९२७ साली लव्हक्राफ्टनं ती पुन्हा पाठवली आणि सोबतच्या पत्रात आपल्या लिखाणाचा पायाच समजावून सांगितला. माणसांचे नियम, भावना, नीती यांना या अफाट विश्वात काडीचीही किंमत नाही, यावर आपल्या सगळ्या कथा उभ्या आहेत, असा त्याचा सूर होता. फेब्रुवारी १९२८ च्या अंकात गोष्ट छापून आली. आज ज्याला कॉस्मिक हॉरर म्हणतात त्याचा गाभा हाच.

या पत्रातली ही एक गोष्ट लक्षात ठेवा. पुढचा सगळा वाद तिच्यावरच आहे.

देवांची उसनवारी

खिशात पैसे नसले तरी लव्हक्राफ्टकडे पत्रं लिहायला वेळ भरपूर होता. त्याच्या पत्रांच्या संख्येचा अंदाज लाखाच्या घरात जातो. या पत्रांतूनच लेखकांचं एक टोळकं जमलं. कॅलिफोर्नियातला क्लार्क ॲश्टन स्मिथ, टेक्सासमधला 'कोनन'चा बाप रॉबर्ट हॉवर्ड, न्यूयॉर्कचा फ्रँक बेल्कनॅप लाँग, विस्कॉन्सिनचा ऑगस्ट डर्लेथ आणि पुढे 'सायको' लिहिणारा पोरगेला रॉबर्ट ब्लॉक.

या टोळक्यात एक खेळ सुरू झाला. मी तुझा देव माझ्या गोष्टीत घेतो, तू माझा ग्रंथ तुझ्या गोष्टीत घे. स्मिथनं त्साथोग्वा नावाचा बेडकासारखा देव तयार केला. लव्हक्राफ्टला तो इतका आवडला की त्यानं तो 'द व्हिस्परर इन डार्कनेस'मध्ये घातला. गंमत म्हणजे लव्हक्राफ्टची गोष्ट ऑगस्ट १९३१ मध्ये आली आणि स्मिथची मूळ गोष्ट त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. म्हणजे उसना घेतलेला देव मालकाच्या आधी छापून आला.

ब्लॉकचा किस्सा तर अफलातून आहे. अठरा वर्षांच्या ब्लॉकला एका गोष्टीत लव्हक्राफ्टसारखंच एक पात्र मारायचं होतं, म्हणून त्यानं परवानगी मागितली. लव्हक्राफ्टनं रीतसर परवानापत्र पाठवलं आणि साक्षीदार म्हणून काल्पनिक पात्रांच्या सह्या ठोकल्या, त्यात अब्दुल अलहझ्रेदही होता. १९३५ साली गोष्ट छापून आली. मग लव्हक्राफ्टनं 'द हाँटर ऑफ द डार्क' लिहून रॉबर्ट ब्लेक नावाच्या नायकाला मारलं आणि हिशेब चुकता केला.

पोटासाठी लव्हक्राफ्ट दुसऱ्यांच्या गोष्टी सुधारून द्यायचा, बऱ्याचदा अख्ख्या लिहूनच द्यायचा. त्यातही तो आपले देव गुपचूप सोडून द्यायचा. वाचकांना वाटायचं, एकमेकांशी संबंध नसलेले इतके लेखक तीच नावं घेतायत म्हणजे यामागे खरंच काहीतरी जुनी परंपरा असणार. लोक विचारायला लागले. रॉबर्ट हॉवर्डनंही १९३० साली विचारलं. लव्हक्राफ्टनं सरळ सांगितलं की हे सगळं काल्पनिक आहे.

म्हणजे त्याच्या दृष्टीनं ही नावं गोष्टीला जुनेपणाचा वास यावा म्हणून होती. चिवड्यात मसाला टाकावा तशी. या सगळ्याला तो गमतीनं योग-सोथोथरी म्हणायचा, योग-सोथोथ या आपल्याच एका देवाच्या नावावरून. आणि गोष्टीगोष्टींत तो तपशील बिनधास्त बदलायचा. एका गोष्टीत जे देव वाटतात ते 'ॲट द माउंटन्स ऑफ मॅडनेस'मध्ये परग्रहावरून आलेले जीव निघतात. सगळ्याचा मेळ बसवायचा त्यानं प्रयत्नच केला नाही.

डर्लेथला मात्र हे मोकळंढाकळं प्रकरण बघवेना. १९३१ साली त्यानं सुचवलं की या सगळ्याला हास्टरची पुराणकथा असं नाव देऊया. हो, तोच हास्टर. गंमत बघा, हास्टर मुळात लव्हक्राफ्टचा नव्हताच. तो अँब्रोझ बिअर्स या लेखकाच्या एका कथेतला मेंढपाळांचा सौम्य देव. तिथून तो रॉबर्ट चेंबर्सनं उचलला आणि लव्हक्राफ्टनं एका गोष्टीत नुसता नामोल्लेख केला. त्यानं डर्लेथला गोडीत उत्तर दिलं की कल्पना वाईट नाही, पण आपल्या डोक्यातलं हे सगळं बिअर्स-चेंबर्सपेक्षा लॉर्ड डन्सनी आणि आर्थर मॅकन यांच्याकडून जास्त आलंय. विषय तिथंच राहिला.

मासिकं पैसे कमीच द्यायची. 'द कलर आउट ऑफ स्पेस' या गोष्टीचे त्याला २५ डॉलर मिळाले होते. हयातीत त्याच्या नावाचं धड एकच पुस्तक निघालं, १९३६ साली, तेही छपाईच्या चुकांनी भरलेलं. १५ मार्च १९३७ ला आतड्याच्या कॅन्सरनं लव्हक्राफ्ट गेला. वय ४६.

ज्यानं वाचवलं, त्यानंच बदललं

लव्हक्राफ्टनं आपल्या लिखाणाची जबाबदारी रॉबर्ट बार्लो या अठरा वर्षांच्या दोस्तावर सोपवली होती. बार्लोनं शहाणपणा केला आणि हस्तलिखितं ब्राऊन युनिव्हर्सिटीच्या जॉन हे लायब्ररीला दिली. ज्या युनिव्हर्सिटीत लव्हक्राफ्टला शिकता आलं नाही, तिथं त्याचे कागद पोहोचले. पण पुस्तकं छापायचा ताबा हळूहळू डर्लेथकडे गेला.

डर्लेथ लव्हक्राफ्टला प्रत्यक्ष एकदाही भेटला नव्हता. तरी त्यानं जे केलं ते भल्याभल्यांना जमत नाही. मोठ्या प्रकाशकांनी नकार दिल्यावर त्यानं आणि डोनाल्ड वॉन्ड्रेईनं १९३९ साली स्वतःचीच प्रकाशन संस्था काढली, आर्कम हाऊस. पहिल्या पुस्तकाच्या १२६८ प्रती काढल्या. त्या संपायला काही वर्षं गेली, पण डर्लेथ मागे हटला नाही. तो नसता तर लव्हक्राफ्ट जुन्या मासिकांच्या रद्दीत गेला असता.

पण त्याच डर्लेथनं क्थुलू मिथॉस हे नाव रूढ केलं आणि त्याच्यासोबत नियमही आणले. त्याच्या मते एका बाजूला चांगले देव, दुसऱ्या बाजूला वाईट देव, आणि वाइटांना चांगल्यांनी डांबून ठेवलंय. वर त्यानं देवांना पंचमहाभूतांसारखी तत्त्वं वाटून दिली. क्थुलू पाण्याचा, हास्टर वाऱ्याचा. आगीला कुणी नव्हतं म्हणून क्थुघा हा नवा देव घडवला. आता क्थुलू पाण्याचा असेल तर तो पाण्याखाली कैद कसा, हा प्रश्न वाचकांना तेव्हापासून पडतोय.

इथं लव्हक्राफ्टचं १९२७ सालचं पत्र आठवा. त्याच्या विश्वात चांगलं-वाईट हा भेदच नव्हता, माणसाची दखल घ्यायला वर कुणी नव्हतं. डर्लेथच्या विश्वात मात्र माणसाच्या बाजूनं देव उभे आहेत. ज्या एका कल्पनेमुळे लव्हक्राफ्ट वेगळा होता, तीच यात नाहीशी झाली. अर्थात 'द डनविच हॉरर'मध्ये लव्हक्राफ्टनंही माणसांना जिंकवलं होतं, त्यामुळे डर्लेथनं हे सगळं हवेतून काढलं असंही नाही.

आपल्या बाजूनं डर्लेथ लव्हक्राफ्टचं एक विधान दाखवायचा. त्यात म्हणे लव्हक्राफ्टनं स्वतःच सांगितलं होतं की आपल्या कथा पूर्वी हाकलून दिलेल्या काळ्या जादूवाल्या वंशाच्या दंतकथेवर उभ्या आहेत. अनेक दशकं पुस्तकांच्या प्रस्तावनांत हे विधान फिरलं. अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा लव्हक्राफ्टच्या पत्रांत ते कुठंच सापडलं नाही. माग निघाला तो हॅरोल्ड फार्नीस या संगीतकाराच्या पत्रापाशी. त्यानं लव्हक्राफ्टचं म्हणणं म्हणून डर्लेथला जे कळवलं, ते लव्हक्राफ्टचं नव्हतंच. आज आपण ज्याला व्हॉट्सॲप फॉरवर्ड म्हणतो, त्यातला हा प्रकार.

यावर कडी म्हणजे डर्लेथनं लव्हक्राफ्टच्या टिपणांवरून नव्या गोष्टी लिहिल्या आणि वर दोघांची नावं छापली. १९४५ सालची 'द लर्कर ॲट द थ्रेशोल्ड' ही अख्खी कादंबरी अशीच. त्यात लव्हक्राफ्टचे शब्द अगदी थोडे, बाकी सगळा डर्लेथ. वाचक मात्र ती लव्हक्राफ्टची म्हणून वाचत राहिले.

याद्या, चाळण्या आणि पुण्याचे जोशी

मग याद्या निघाल्या. १९४० च्या दशकात फ्रान्सिस लेनी या चाहत्यानं देवांचा आणि ग्रंथांचा कोशच केला. डर्लेथचं निधन १९७१ चं. पुढच्याच वर्षी लिन कार्टर यानं या विश्वावर पुस्तक काढलं आणि चाळणी लावली. नुसतं एखादं नाव आलं म्हणून गोष्ट आतली होत नाही, तिनं या विश्वात नवी भर घातली पाहिजे, असा त्याचा निकष.

ऐकायला बरोबर वाटतं. पण नावांची चाळणी लावली की गडबड होते. 'द कलर आउट ऑफ स्पेस' घ्या. आकाशातून एक उल्का पडते, तिच्यासोबत माणसाला माहीत नसलेला एक रंग येतो आणि एका शेतकऱ्याचं अख्खं कुटुंब खाऊन टाकतो. त्याला काय हवं होतं हे शेवटपर्यंत कळत नाही. यात क्थुलू नाही, नेक्रोनॉमिकॉन नाही. नावांच्या यादीत ती बसत नाही. पण लव्हक्राफ्टच्या पत्रातली कसोटी लावली तर याहून जास्त आतली गोष्ट सापडणं अवघड. उलट पानापानावर क्थुलूचं नाव असलेल्या कितीतरी गोष्टी त्या कसोटीवर नापास होतात.

१९७२ सालीच रिचर्ड टिअर्नी यानं लेख लिहून सांगितलं की लोक ज्याला लव्हक्राफ्टचं विश्व समजतात, ते खरं डर्लेथचं आहे. हा धागा सगळ्यात लांब नेला तो एका मराठी नावाच्या माणसानं. सुनंद त्र्यंबक जोशी, जन्म पुणे, १९५८. लहानपणीच कुटुंबासोबत अमेरिकेला गेले आणि लव्हक्राफ्टसाठी शिकायला थेट ब्राऊन युनिव्हर्सिटीत पोहोचले. जॉन हे लायब्ररीतली हस्तलिखितं छापील मजकुराशी ताडून त्यांनी चुका काढल्या. या शुद्ध आवृत्त्या १९८४ पासून छापल्या कुणी? डर्लेथच्याच आर्कम हाऊसनं.

एस. टी. जोशी या नावानं ते आज लव्हक्राफ्टचे सगळ्यात मोठे अभ्यासक मानले जातात. २०१० साली त्यांनी 'आय ॲम प्रॉव्हिडन्स' हे दोन खंडी चरित्र आणलं. लव्हक्राफ्टनं स्वतः लिहिलेलं ते लव्हक्राफ्ट मिथॉस आणि नंतर इतरांनी उभं केलेलं ते क्थुलू मिथॉस, अशी फोड त्यांनी केली. म्हणजे एका यादीचं भांडण त्यांनी दोन खात्यांत वाटून टाकलं.

दारावर उभं कोण?

एकविसाव्या शतकात प्रश्न आणखी वेगळा झाला. या विश्वात लिहायचा हक्क कुणाला? लव्हक्राफ्टनं ज्यांना माणूस म्हणूनही नीट पाहिलं नाही, तेच लेखक आत आले. २०१५ साली वर्ल्ड फँटसी अवॉर्डनं लव्हक्राफ्टच्या चेहऱ्याची ट्रॉफी बंद करायचं ठरवलं. जोशींना ते पटलं नाही, त्यांनी आपले पुरस्कार परत केले. २०१६ साली व्हिक्टर लावेल या कृष्णवर्णीय लेखकानं 'द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम' लिहून 'रेड हुक'ची तीच गोष्ट एका कृष्णवर्णीय तरुणाच्या नजरेतून सांगितली आणि तिला थेट समुद्राखाली निजलेल्या त्या जीवाशी जोडलं. ज्या गोष्टीत सगळ्यात जास्त द्वेष होता, तीच त्यानं ताब्यात घेतली.

लव्हक्राफ्टला हे आवडलं असतं का? बहुतेक नाही. पण दाराला कडी लावायची नाही, ही सवय त्याचीच होती. आपले देव कुणी कसे वापरावेत यावर त्यानं कधी अट घातली नाही.

मग 'तुंबाड' या विश्वातला आहे का? नाव बघाल तर हो, हास्टरचा माग तिथपर्यंत येतो. कसोटी बघाल तर नाही, कारण तिथला हस्तर माणसाच्या लोभाची शिक्षा आहे, आणि शिक्षा असली म्हणजे पाप-पुण्याचा हिशेब आला. लव्हक्राफ्टच्या विश्वात तो हिशेब ठेवायला कुणीच नसतं. म्हणून 'तुंबाड' कमी ठरत नाही, फक्त त्याची भीती वेगळी आहे.

आणि लव्हक्राफ्टची भीती काय हे बघायचं असेल तर सुरुवात क्थुलूपासूनच करायला हवी असं नाही. 'द कलर आउट ऑफ स्पेस' वाचा. कडक याद्यांत ती कुठंच बसत नाही, २५ डॉलरला विकली गेली, आणि लव्हक्राफ्टला स्वतःच्या गोष्टींमध्ये सगळ्यात जास्त आवडायची ती हीच.